अक्कांची फुंक

अक्का माणसाच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, गळ्याकडे बघायच्या. पहिल्या दिवशी मी नवा पांढरा कोट घालून त्यांच्यासमोर उभी राहिले, तर त्यांची नजर माझ्या हनुवटीच्या खाली जाऊन बसली आणि तिथून हलेचना. मला वाटलं, गळ्यातली साखळी बघतायत. मी ती कोटाच्या आत सरकवली.

"साखळी राहू दे," त्या म्हणाल्या. "श्वास घेताना गळ्याच्या शिरा ताणत नाहीस, ते बघितलं. गाव कुठलं?"

"निपाणी."

"अय्यो! तंबाखूचं गाव की ग! घरात कोण ओढतं?"

"कोणी नाही. आई विड्या वळायची, आता तीही वळत नाही."

"म्हणजे लहानपणी धूळ खाल्लीस. सरी, असू दे. बघू तुझी फुप्फुसं आमच्या उपयोगाची आहेत का."

मी श्वसनचाचण्यांचा रीतसर कोर्स करून, बऱ्यापैकी मार्क मिळवून आले होते. ते कोणी विचारलंच नाही. नोकरी माझ्या फुप्फुसांना लागलीय आणि मी त्यांच्यासोबत आलेय, अशा थाटात अक्कांनी मला आत घेतलं. त्या दिवसापासून माझं नाव 'निपाणी' पडलं. त्यांचं खरं नाव हॉस्पिटलात कितीजणांना माहीत होतं कोण जाणे. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्काच होत्या.

बंगळुरात राजाजीनगरकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमचा विभाग. एका बाजूला झोपेच्या चाचण्या. तिथं घोरणारी माणसं अंगभर वायरी लावून रात्रभर झोपायची आणि सकाळी त्यांच्या केसांत अडकलेला चिकट लेप काढायचं काम माझ्यासारख्या नव्या पोरींच्या वाट्याला यायचं. दुसऱ्या बाजूला अक्कांचं राज्य, म्हणजे काचेची एक पेटी. पेशंटनं पेटीत बसायचं, नाकाला चिमटा लावायचा, नळी ओठांत धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि शेवटच्या थेंबापर्यंत फुंकून टाकायचा. किती हवा आली आणि किती जोरात आली, ते मशीन सांगतं. झोपेच्या बाजूला अक्का कधी पाऊल टाकायच्या नाहीत. "झोपलेल्या माणसाची कसली परीक्षा? त्यात त्याचे कष्ट काय?" असा त्यांचा सवाल असायचा.

एरवी अक्का अगदी पुटपुटल्यासारख्या बोलायच्या. पण पेशंटनं नळी तोंडात धरली की ही एवढीशी बाई चवड्यांवर उभी राहायची, दोन्ही मुठी आवळायची आणि काच हादरेल असं ओरडायची, "ऊदी, ऊदी, ऊदी! इन्नू, इन्नू! निल्लिसबेडी!" म्हणजे फुंका, अजून, थांबू नका. पेशंट तमिळ असला तर तमिळमध्ये, हिंदीवाला असला तर "फूँको, फूँको, और फूँको!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुठंतरी आग लागली. एकदा शाळेच्या एक रिटायर्ड हेडबाई चाचणीनंतर रडायलाच लागल्या. मी घाबरले, म्हटलं आता तक्रार जाणार. दुसऱ्या दिवशी बाई म्हैसूरपाकाचा डबा घेऊन हजर. म्हणाल्या, जन्मभर मी पोरांवर ओरडले, माझ्यावर असं कळकळीनं कोणी ओरडलं नव्हतं.

माणसं अक्कांना लिटरमध्ये दिसायची. मल्लेश्वरमला त्यांच्या नात्यातल्या एका लग्नाला मला घेऊन गेल्या होत्या. मी साड्या बघतेय आणि ह्या माझ्या कानात, "नवरा साडेचार. नवरी तीनला कमी नाही, बरं झालं. तो नादस्वरवाला नोड, बघ, सहा असेल की!" जेवायला बसल्यावर शेजारच्या काकांना सांगितलं की तुमचे सव्वादोन वाटतात, एकदा येऊन दाखवून जा. काकांचा घास हातातच राहिला. घरचे लोक सवयीचे होते. अक्कांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बंगळुरात आलं होतं, आणि त्या ते परवा घडल्यासारखं सांगायच्या. "आम्ही आलो तेव्हा इथं काय होतं ग? नुसतं माळरान." त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं आणि माझ्या निपाणीच्या मराठीला त्या 'घाटावरची' म्हणून हसायच्या.

आता त्यांच्या फुंकेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

रोज सकाळी पेशंट घेण्याआधी मशीनची परीक्षा घ्यावी लागते. तीन लिटर हवा मावेल अशी एक मोठी पिचकारी असते. तिचा दांडा पूर्ण मागे ओढायचा, पूर्ण आत ढकलायचा. दोन्ही टोकांना टक् असा आवाज आलाच पाहिजे. मशीन त्या हवेवरून स्वतःचं माप ठरवतं. पण पिचकारी वेगळी आणि जितंजागतं माणूस वेगळं, म्हणून विभागातल्या एका धडधाकट माणसानंही फुंकायचं असतं. त्याचा आकडा ठरलेला असतो. तेवढाच आला तर मशीन खरं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे अक्का. मशीनं बदलली, डॉक्टर बदलले, अक्कांची फुंक बदलली नाही. वयाप्रमाणे आकडा केसभर उतरायचा, तोही शिस्तीत. "मशीनचा दिवस चांगला असतो, वाईट असतो," त्या म्हणायच्या, "माझा नसतो."

हे त्या नुसतं म्हणायच्या नाहीत, पाळायच्या. सकाळी फुंकण्याआधी खाणं नाही, अत्तर नाही, कोणाशी भांडण नाही. सर्दी झाली तर तोंड लपवल्यासारख्या वावरायच्या.

नव्या माणसाचाही आकडा ठरवून ठेवायची पद्धत होती. मी फुंकलं, अक्कांनी मशीनच्या पडद्यावरची रेघ बघून खोडून टाकली. पुन्हा फुंकलं, पुन्हा खोडली.

"जेवली नाहीस काय? सासू समोर उभी आहे असं समज आणि फुंक."

"माझं लग्न झालेलं नाही अक्का."

"मग मी उभी आहे असं समज."

त्यानं मात्र काम झालं. पुढे काही आठवड्यांत माझा आकडा बसला, रोज तोच यायला लागला. अक्कांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आईनं मारली असती तरी एवढा आनंद झाला नसता.

दसऱ्याच्या सुमारास अक्कांचा आकडा घसरला. फार नाही, थोडाच. अक्कांनी फिल्टर बदलला. दुसऱ्या दिवशी नळी बदलली. मग हवा मोजणारा भाग सोडवून, धुऊन, सुकवून पुन्हा बसवला. आकडा होता तिथंच, उलट किंचित खाली. कंपनीचा इंजिनियर आला, तपासून म्हणाला सगळं उत्तम आहे. अक्कांनी त्याला पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मशीन न उघडताच मान खाली घालून गेला. मधल्या काळात मशीन 'नादुरुस्त' म्हणून पेशंट परत जात होते. मोठे डॉक्टर दारात येऊन धुसफुसायचे, पण अक्कांना तोंडावर बोलायची त्यांची छाती नव्हती. बाकीच्यांची अळीमिळी गुपचिळी.

माझा आकडा मात्र रोज बरोबर येत होता. एक दिवस मी बोलून बसले, "अक्का, माझं तर मशीन नीट दाखवतंय."

"कानामागून आलीस आणि तिखट झालीस?" त्या म्हणाल्या. "तुझा आकडा कालचा. माझा तू जन्मायच्या आधीचा."

पुन्हा तो विषय मी काढला नाही. सहा महिन्यांनी मला कायम करायचं की नाही हे त्यांच्या एका शब्दावर होतं, हे तर होतंच. पण खरी भीती वेगळी होती. त्या दिवशी कँटीनच्या पायऱ्या चढताना त्या माझ्या पुढे होत्या. वर जाऊन थांबल्या, वळल्या, आणि माझी नजर सवयीनं त्यांच्या गळ्याकडे गेली. ती सवय त्यांनीच लावली होती. हाडांच्या मधला खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता आणि मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. त्यांनी पदर गळ्याभोवती घेतला आणि म्हणाल्या, "मेट्रोच्या खोदकामाची धूळ. सगळं गाव खोकतंय." त्यानंतर मला त्यांचं ओरडणंही ऐकू यायला लागलं, म्हणजे त्यातली फट ऐकू यायला लागली. "ऊदी, ऊदी" म्हणताना मध्येच एक चोरटा श्वास. पेशंटला कळत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. सांगायचं कोणाला? फुप्फुसाचं सगळ्यात जास्त जिला कळतं तिलाच?

मग तो फुलवाला आला. मल्लेश्वरमच्या बाजारात फुलं विकणारा म्हातारा, सोबत मुलगी. त्याच्या फुप्फुसाचा एक भाग कापून काढायचा होता. उरलेल्यावर तो जगेल का, हे आमच्या आकड्यावर ठरणार होतं. मशीनच्या भानगडीत त्याला आधीच परत पाठवलं होतं. त्या सकाळी मोठे डॉक्टर आत आले आणि पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, "अक्का, आज दुपारपर्यंत ह्यांचा रिपोर्ट पाहिजेच. सर्जन थांबलेत. तुमच्याकडून होत नसेल तर दुसरीकडे पाठवतो."

अक्का मशीनकडे वळल्या. पिचकारी उचलली. मी पाठमोरी, ट्रेमध्ये नळ्या मांडत होते. मागे दांडा सरकल्याचा आवाज, टक्. पुन्हा सरकल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. पुन्हा टक्. पुन्हा काही नाही. एका टोकाचा आवाज येत होता, दुसऱ्या टोकाचा येत नव्हता. दांडा पूर्ण मागे ओढला जात नव्हता. मी वळून बघितलं तोवर अक्कांनी मशीनवरचं बटण दाबून टाकलं होतं.

मग त्यांनी फुंकलं. आकडा आला. जुना, पूर्वीचा, शिस्तीतला.

"आयतु, झालं!" त्यांनी टाळी वाजवली. कित्येक दिवसांत त्यांचा चेहरा असा बघितला नव्हता. "बघितलंस? आलं की नाही शुद्धीवर? तू फुंक, बेगा, लवकर, म्हातारा कधीचा बसलाय."

मी फुंकलं. माझा आकडा आजवर कधी आला नव्हता एवढा मोठा आला.

मशीनला तीन लिटर म्हणून सांगितलं होतं आणि हवा दिली होती कमी. आता ते सगळ्यांचंच माप फुगवून सांगणार होतं. अक्कांचं, माझं, आणि बाहेर बसलेल्या म्हाताऱ्याचंही. नसलेली हवा कागदावर दिसणार आणि सर्जन तिच्या भरवशावर सुरी चालवणार.

अक्का पडद्याकडे बघत होत्या. "वाढली तुझी," त्या म्हणाल्या. "जवान छाती आहे. वाढते."

ह्या वयात फुप्फुसं वाढत नाहीत हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या दाराकडे गेल्या, म्हाताऱ्याला हात केला. तो उठला, मुलीनं पिशवी उचलली.

"अक्का, त्यांना आत घेऊ नका."

"एनु? काय?"

"पिचकारी पूर्ण ओढली गेली नाही. मागचा टक् आला नाही."

दार अर्धं उघडं होतं. म्हातारा उंबऱ्यात थांबला. अक्का माझ्याकडे वळल्या, आणि आता ह्या ओरडणार म्हणून मी ट्रेची कड घट्ट धरली. त्या ओरडल्या नाहीत. "मी?" त्या इतकंच म्हणाल्या. "मी ओढली नाही?"

त्यांनी मुद्दाम केलं का, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. मला नाही वाटत. ज्या बाईनं सर्दी झाली तर तोंड लपवलं ती लबाडी करणार नाही. त्यांना आपला आकडा इतका हवा होता की हात आपणहून थांबला असणार, असं मला वाटतं. पण त्या क्षणी मी एवढा विचार करत नव्हते.

"ये इकडे," त्यांनी पिचकारी माझ्या हातात दिली. "तू कर."

मी केली. दोन्ही टोकांना टक्, प्रत्येक वेळी. मी फुंकलं, माझा नेहमीचा आकडा. मग त्यांनी फुंकलं. पूर्वीच्या सगळ्या दिवसांपेक्षा कमी.

त्यांनी पिचकारी जागेवर ठेवली. मग बाहेर जाऊन म्हाताऱ्याच्या मुलीला कन्नडमध्ये म्हणाल्या, "स्वल्प बसा अम्मा, मशीन चांगलं आहे. आधी एक पेशंट आहे, लगेच घेते." आणि आत येऊन पेटीत बसल्या. स्वतःच्या हातानं नाकाला चिमटा लावला.

"घे माझी चाचणी. पूर्ण. पेशंटची घेतात तशी."

मी म्हटलं, "श्वास घ्या अक्का. आता फुंका. फुंका."

त्यांनी नळी तोंडातून काढली. "हे काय? अंगाई म्हणतेस काय? ओरड! पेशंटनं अर्धवट फुंकलं तर तो आजारी की तू आळशी, हे कळणार कसं? ओरड ग!"

मी ओरडले. चवड्यांवर उभी राहून, मुठी आवळून, कन्नडमध्ये, मराठीत, येईल त्या भाषेत ओरडले. ऊदी, फुंका, अजून, अजून, सोडू नका. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. अक्कांनी जीव तोडून फुंकलं. त्यात आळस नव्हता, माझ्याकडूनही नाही आणि त्यांच्याकडूनही नाही. म्हणजे उरलं काय ते कळलंच.

त्या बाहेर आल्या, रेघ बघितली, आणि कोणा परक्या बाईची बघावी तशी बोटानं दाखवत म्हणाल्या, "जोर चांगला आहे. भांडंच लहान झालंय. फुप्फुस घट्ट होत चाललंय हिचं." मग पदरानं माझं तोंड पुसलं आणि फुलवाल्याला आत घेतलं. त्याची चाचणी त्यांनी मला घ्यायला लावली. त्याच्या आकड्यावरून सर्जननं बेत बदलला, लहान भाग काढला. म्हातारा अजून बाजारात बसतो, मला गजऱ्याचे पैसे देऊ देत नाही.

स्कॅन झाला. अक्कांनी रेघेवरून सांगितलं होतं तेच निघालं. मोठ्या डॉक्टरांनी कारण शोधायला कबुतरांची विष्ठा, धूळ, जुनी औषधं, सगळं विचारलं. कशामुळे झालं ते कळलं नाही, कितीकांचं कळतच नाही. औषधानं वेग कमी होईल, थांबणार नाही, हे अक्कांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी नोकरी सोडली. जाण्याआधी डॉक्टरांना सांगितलं, "उद्यापासून मशीनसाठी निपाणी फुंकेल. तंबाखूच्या गावची आहे, पण खोटं बोलत नाही."

पुढे त्या तपासणीला यायच्या, माझ्याचकडे. दुसरीनं हात लावलेला चालायचा नाही. आधी बसनं यायच्या, मग रिक्षानं, मग लहानसा ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत. दरवेळी माझ्या ओरडण्यात काहीतरी खोट काढायच्या. दरवेळी आकडा थोडा खाली असायचा आणि मी तो मोठ्यानं वाचून दाखवायचा असा त्यांचा हुकूम होता.

गेल्या वेळी भाच्यानं हाताला धरून आणलं. पेटीत बसून श्वास जमवायलाच खूप वेळ गेला. मी ओरडले, त्यांनी फुंकलं. रेघ वर चढली आणि लगेच आडवी झाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याहूनही कमी. मी पडदा माझ्याकडे वळवून घेतला.

"अक्का," मी म्हटलं, "आज मशीनच नीट चालत नाहीये. इंजिनियरला बोलावते. तुम्ही पुढच्या आठवड्यात या."

अक्कांनी नाकाचा चिमटा काढला. बोलण्यापुरता श्वास गोळा होईपर्यंत त्या थांबल्या.

"सकाळी तू फुंकलीस?"

"हो."

"तुझा आकडा आला?"

मी नळी पुसायला घेतली.

"आला की नाही?"

"आला अक्का."

"मग मशीन बरोबर आहे, पोरी," त्या म्हणाल्या. "वाच."

मी आकडा वाचला.